पैशाचे सोंग

कचेरीच्या मागच्या अंगणात संगणक उताणे पडले होते. कोणाची पाठ उघडी, कोणाचे पोट फाटलेले, कोणाच्या गळ्याला स्वतःचीच वायर आवळलेली. वर ऊन, खाली खडी, आणि शेजारी स्टुलावर बसून भंगारवाल्याची वाट पाहणारा भांडारपाल. हे दृश्य ठिणगीने पाहिले आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

ठिणगी हे नाव तिला त्या कचेरीनेच दिले होते. टंकलेखक म्हणून ती तिथे केस पिकेपर्यंत राबली, आणि तिच्या टेबलावर कागद ठेवायला येणारा साहेबसुद्धा आधी तिच्या चेहऱ्याचा अंदाज घेई. मात्र ही बाई स्वतःच्या ताटासाठी कधी पेटली नाही. तिची बढती हुकली तेव्हा ती गप्प राहिली. शिपायाची रजा कापली गेली तेव्हा खुर्ची मागे सारून उभी राहिली. कित्येकांचा राग म्हणजे नुसता धूर. डोळे तेवढे चुरचुरतात, ऊब कोणाला मिळत नाही. हिच्या रागावर मात्र अनेकांनी हात शेकून घेतले होते.

"हे काय मांडलंय?" तिने विचारले.

"नवी सिस्टीम आलीय ना बाई. ती ह्यांच्यावर चालत नाही. म्हातारे झालेत ते," भांडारपाल म्हणाला.

"म्हातारे? परवापर्यंत मी ह्यांच्यावर पत्रं टाइप करत होते. मग मध्येच काय झालं, वात झाला?"

"कंपनी म्हणते, नाही चालणार."

"कंपनी म्हणते! उद्या कंपनी म्हणाली की तुझा सासरा जुना झाला, तर त्यालाही आणून टाकशील का ह्या ढिगावर?"

"सासऱ्याचं नाव काढू नका बाई," भांडारपाल आवाज खाली आणून म्हणाला, "मोह होतो."

ती हसली नाही. ती तडक साहेबांकडे गेली आणि ते सगळे संगणक वाचनालयाला मिळावेत अशी परवानगी घेऊनच बाहेर आली. साहेबांनी एवढेच सांगितले की आतल्या, माहिती साठवणाऱ्या डिस्का कचेरीत ठेवून घेतल्या आहेत, बाकी सांगाडे खुशाल न्या. टेम्पो आला, सांगाडे चढले, आणि त्या ढिगाला टेकून ठिणगी मागेच उभी राहिली, जणू दवाखान्यातून आपल्याच माणसांना घरी नेत होती.

वाचनालयाचा चिटणीस म्हणजे तिचा थोरला भाऊ. ठिणगीने लग्न केले नव्हते. दादा आणि वहिनी यांच्याच घरी तिचे आयुष्य चालले होते. दादाने वाचनालयाची मागची खोली दिली, फाटक्या मासिकांचे गठ्ठे हलवले, टेबले लावली, आणि वर सुनावलेही, "भंगार गोळा केलंस ते केलंस. आता ह्यातून धूर निघाला तर पुस्तकांना आच लागता कामा नये."

वाचनालयासमोर रेडिओकाकांचे दुरुस्तीचे दुकान होते. रेडिओ ऐकणारी माणसे संपली तरी काकांचे नाव तेच राहिले होते. त्यांनी ब्रशने पंख्यांतली धूळ काढली. मेमरीच्या पट्टीचे काळवंडलेले दात शाळेतल्या खोडरबराने घासून लखलखीत केले. बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या बदलल्या, आपल्या दुकानातल्या जुन्या डिस्का बसवल्या. जिथे एकट्याने जमेना तिथे दोन मेलेल्यांचे अवयव जोडून एक जिवंत केला. मग खिशातून पेन ड्राइव्ह काढून त्यांनी पहिल्या यंत्राला लावला. पडदा काळा झाला, उजळला, आणि त्यावर स्वच्छ मराठीत स्वागताची चौकट उमटली. पुढे काय करायचे, ते एकेक पायरी विचारत, समजावत ती चौकट पुढे सरकू लागली.

"ही वेगळी सिस्टीम आहे, अजून आत बसवलेली नाही," काका म्हणाले. "नुसती चालवून बघ. आवडली तर ठेव. नवशिक्यांसाठीच बनवलीय, आणि जुन्या यंत्रावर जड होत नाही."

ठिणगीने चालवून पाहिली. लिहायची सोय होती, हिशेबाची होती, चित्राची होती. ज्याला लोक म्हातारे म्हणून फेकून देत होते ते यंत्र तुरुतुरु धावत होते.

"केवढ्याला पडते ही?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे देशोदेशीच्या माणसांनी मिळून लिहिलीय. वापर, शेजाऱ्याला दे, पोटात डोकावून बदल कर. कुणी आडवं येत नाही."

ठिणगीचे डोळे भरून आले. पण ते नुसते आनंदाचे पाणी नव्हते. तिने मुठीने टेबल दणाणले. "मग ती अंगणात का पडली होती, काका? औषध फुकट मिळत असताना रोग्याला खड्ड्यात का घातलं?"

काकांनी पेन ड्राइव्ह काढून दुसऱ्या यंत्राला लावला. वाचकहो, ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्याजवळ तरी आहे का? उन्हाची पावती सूर्याने कोणाला फाडून दिली? वाऱ्याने कोणाच्या दारात बिल टाकले? ज्याने श्वास दिला त्याने मोजून दिला नाही, आणि ज्याने ममता दिली त्याने तोलून दिली नाही. जगण्याला जे जे लागते ते ते देवाने फुकट ठेवले, आणि माणसाने मात्र कसोटी लावली ती एकच, पडले केवढ्याला! ज्या हातांनी ती सिस्टीम लिहिली त्यांची नावे ठिणगीला ठाऊक नव्हती. तरी त्या हातांना तिने मनोमन नमस्कार केला आणि संगणकाचा वर्ग सुरू केला.

वर्गाला माणसे आली. कोपऱ्यावरचा बेकरीवाला सर्वांत पुढे बसला. त्याला दुकानाचे हिशेब संगणकावर आणायचे होते. त्याने माउस उचलून खालून-वरून पाहिला आणि विचारले, "बाई, ही सिस्टीम कितीची?"

"फुकट आहे," ठिणगी अभिमानाने म्हणाली.

बेकरीवाल्याने माउस हळूच खाली ठेवला. "राग मानू नका. पण आमच्या धंद्यात संध्याकाळी जो फुकट वाटतो ना, तो शिळा पाव असतो."

लोक हसले, आणि त्या हसण्याने वर्ग मोडला. पुढल्या रस्त्यावर फी घेऊन महागडी सिस्टीम शिकवणारा क्लास होता. एकेक करून माणसे तिकडे वळली. जी राहिली तीही संशयाने बसत. बोट चुकले तरी म्हणत, "फुकटचं आहे, असंच व्हायचं." ठिणगीच्या ध्यानात आले की महागाची वस्तू अडली तर माणूस आपल्या कपाळाला हात लावतो, आणि फुकटची अडली तर वस्तूच्या कानाखाली वाजवतो. फुकट ते पौष्टिक म्हणत हावरटासारखी धावणारी हीच माणसे विद्येपाशी येताच नाक मुरडतात, हे पाहून तिचा राग उतू गेला. आणि उतू गेलेल्या रागाने आधी विस्तव विझतो, हे ती त्या घटकेला विसरली.

एका दुपारी वाचनालय बंद असताना तिने यंत्रांवर सोंग चढवले. पडद्यावर महागड्या सिस्टीमचे ओळखीचे निळे चित्र लावले. खालची पट्टी तशीच केली, कोपऱ्यातले बटण तसेच. सुरू होताना त्या बड्या कंपनीचे चिन्ह झळकेल, अशीही तजवीज केली. आत सगळे तेच राहिले. वरचा चेहरा तेवढा श्रीमंत झाला.

रेडिओकाका दारात उभे होते. "ठिणगे, हे बरं नव्हे."

"काका, ह्यांना देव नको, देवाच्या अंगावरचं सोनं हवंय. घ्या म्हणावं सोनं!"

"सोनं तरी खरं आहे का?"

ती पुढच्या यंत्राकडे वळली.

तिच्यावर कोणाशी खोटे बोलण्याची वेळसुद्धा आली नाही. लोकांनी चिन्ह पाहिले आणि बाकीचे स्वतःच समजून घेतले. वर्ग भरला. बेकरीवाला परतला आणि पहिल्याच तासाला म्हणाला, "हां, आता कसं! हाताला लगेच फरक कळतो." ठिणगीने ओठ चावले. बहिणीने पदरचे पैसे घालून ती विकत घेतली असेल असे धरून दादाने सभेत छाती फुगवून सांगितले की आपल्या वाचनालयात बाजारातली अव्वल सिस्टीम चालते. आणि ज्या वहिनीने आजवर संगणकाला फडक्याखेरीज हात लावला नव्हता, तीही येऊन बसली. वहिनी शाळेच्या मुलांचे गणवेश शिवत असे. ज्यांच्या आईबापांना ऐपत नव्हती अशा मुलांचेही शिवत असे, आणि त्याबद्दल घरात चकार शब्द काढत नसे. ती पडद्यावर बाह्या, कॉलर, खिसे रेखायला शिकली. एकदा रेखलेला साचा लहान-मोठा करून पुन्हा छापता येतो हे कळल्यावर ती मान डोलावत म्हणाली, "एवढी वर्षं मी कागद कापत बसले, आणि मला कुणी सांगितलं नाही!" तिचे सगळे साचे त्याच खोलीतल्या यंत्रात साठले.

मग अनुदान देणाऱ्या खात्याकडून तपासनीस आले. शांत माणूस, चष्मा कपाळावर, बोलणे हळू. पुस्तके पाहिली, खुर्च्या पाहिल्या, आणि वर्ग चालू असतानाच ते मागच्या खोलीत शिरले. पडद्यापडद्यावर तेच चिन्ह झळकत होते.

"छान," ते म्हणाले. "ह्या सिस्टीमच्या खरेदीची बिलं दाखवा."

"दाखव ग," दादा ऐटीत बहिणीकडे वळला.

ठिणगीने नजर पडद्यावरच ठेवली.

"बिलं घरी राहिली असतील," दादा म्हणाला. त्याने पुन्हा तिच्याकडे पाहिले, आणि त्याच्या आवाजातली ऐट गळाली. "राहिलीत ना घरी?"

"बिलं नाहीत," ठिणगी म्हणाली.

तपासनिसांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "विकत न घेता एवढ्या यंत्रांवर घातलीय? मग ही चोरीची झाली. वाईट वाटतं, पण मला खोलीला सील लावावं लागेल. यंत्रं जमा होतील, आणि तिथून ती परत येत नाहीत. भंगारातच जातात."

भंगार! तो शब्द ऐकताच ठिणगीच्या डोळ्यांपुढे ते अंगण उभे राहिले. ती गप्प राहिली तर खोली जाणार होती, यंत्रे जाणार होती, वहिनीचे साचे जाणार होते. ती बोलली तर भावाची मान सर्वांदेखत खाली जाणार होती आणि भरलेला वर्ग पुन्हा उठून जाणार होता. तिने श्वास घेतला आणि ती पेटली.

"चोरीची नाही! एकही चोरीची नाही! ही फुकटची सिस्टीम आहे, तीच, जिला ह्या सगळ्यांनी शिळा पाव म्हटलं होतं! मी वरून फक्त चेहरा बदलला. चिन्ह खोटं, आतला जीव खरा. बघा!" तिने जवळच्या यंत्रावर सिस्टीमची माहिती सांगणारी चौकट उघडली. तिथे खरे नाव होते, आणि नावाखाली परवाना होता.

तपासनिसांनी वाकून सावकाश वाचले. कोणीही वापरावी, कोणालाही द्यावी, असे तिथे स्पष्ट लिहिले होते. त्यांनी दुसऱ्या यंत्रावर पाहिले, तिसऱ्यावर पाहिले.

"बाई," ते शेवटी म्हणाले, "चोर सावाचं सोंग घेतात, हे मी नोकरीभर पाहिलं. सावाने चोराचं सोंग घेतलेलं आज पहिल्यांदा बघतोय. का केलंत हे?"

"कारण ह्यांना फुकटचं नको होतं!" तिने बोट साऱ्या वर्गावर फिरवले. "किमतीपुढे तेवढं वाकता येतं ह्यांना!"

बेकरीवाला उठला. त्याचा चेहरा भट्टीसारखा लाल झाला होता. "मी बोललो ते चुकलं असेल. पण मी शिळ्याला ताजा म्हणून कधी कुणाच्या पिशवीत घातला नाही. तुम्ही ताज्यावर दुसऱ्याच्या बेकरीची चिठ्ठी लावलीत. मला नको असला पाव." तो बाहेर पडला. त्याच्यामागे आणखी काही खुर्च्या सरकल्या.

"सगळी सोंगं आणता येतात," दादा भिंतीकडे पाहत म्हणाला, "पैशाचं आणता येत नाही, असं आई म्हणायची. तू तेच आणलंस. आणि माझ्या तोंडून वदवलंस."

ठिणगी त्यालाही उलटून बोलणार होती. तिच्याजवळ शब्द तयार होते. पण वहिनी उठून तिच्या समोर आली, आणि त्या घरात आजवर जी बाई चढ्या आवाजात बोलली नव्हती ती बोलली.

"मलाही त्यांच्यातच धरलंस?"

"वहिनी, तुला नाही ग—"

"मलाच! मी पण ह्याच खोलीत बसते ना? पहाटेपासून ह्या घरात मी जे करते त्याची मला कुणी पावती दिली? तुझ्या डब्याची दिलीस? ह्यांच्या सदऱ्याची बटणं, सासूबाईंचं शेवटचं आजारपण, कुणी विचारलं का, वहिनी, केवढ्याला पडलं? जन्म गेला माझा फुकट करण्यात. आणि फुकटाची किंमत मला कळणार नाही, असं तुला वाटलं?"

ठिणगीचे तोंड उघडे राहिले. कचेरीतल्या साहेबांना जे जमले नव्हते ते त्या क्षणी झाले. ती विझली नाही, पण तिच्या रागाचे तोंड फिरले. लोक किमतीपुढे वाकतात म्हणून ती जळत होती. आणि त्या दुपारी, बंद वाचनालयात, सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांहून खाली कोण वाकले होते? ज्या अनोळखी हातांना तिने नमस्कार केला, त्यांचे नाव तिनेच पुसले होते. निंदकाने निंदा केली, पण ओळख नाकारली ती भक्ताने. तिला स्वतःचीच चीड आली.

"चूक झाली, वहिनी," ती म्हणाली.

"झालीच. बाजूला हो."

तपासनिसांनी निकाल सांगितला. "चोरी नाही, म्हणून सील नाही. पण दुसऱ्याचं चिन्ह मी इथे ठेवू देणार नाही. मी पुस्तकांची मोजदाद संपवतो. तोवर सगळ्या यंत्रांवरून उतरवा. आणि दारावर पाटी लावा, आत कोणती सिस्टीम आहे आणि ती कशी मिळालीय. उतरलं नाही, तर सील लावूनच जाईन."

ठिणगीने यंत्राकडे हात नेला, तर वहिनीने तो झटकला. "हात लावू नकोस. कुठून उतरतं ते सांग फक्त."

ठिणगी सांगत गेली आणि वहिनी करत गेली. निळे चित्र गेले, पट्टी गेली, बटण गेले. शेवटच्या पायरीला वहिनी थबकली. "माझे साचे?"

"ते आत आहेत. त्यांना काही होत नाही."

वहिनीने तरीही आधी साचा उघडून कॉलर जागेवर असल्याची खात्री केली, मग चिन्ह पुसले. खोलीत उरलेली माणसे तिच्याकडे पाहून आपापल्या यंत्रावर तेच करू लागली. कोणी चुकला, कोणी शेजाऱ्याला विचारले, कोणी वैतागून ठिणगीला म्हणाले, "चढवताना तुमचे हात दुखले नाहीत का हो?" आणि ते बोलणे तिने मान खाली घालून ऐकून घेतले. तपासनीस परतले तेव्हा एकाही पडद्यावर उसना चेहरा नव्हता. त्यांनी फिरून पाहिले, मान हलवली आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी दादाने पाटी रंगवायला घेतली. त्याचे अक्षर साऱ्या गावात देखणे. रागाने तो बहिणीशी बोलत नव्हता, म्हणून वहिनीकडे पाहून बोलत होता.

"हिला सांग, पाटी झाली."

ठिणगीने पाहिले. सिस्टीमचे नाव ठळक होते, वर्गाची वेळ ठळक होती, आणि 'फुकट' हा शब्द खालच्या कोपऱ्यात मुंगीएवढा बसला होता.

"मोठं लिही," ती म्हणाली.

"हिला सांग, मोठं लिहिलं तर कुत्रं फिरकणार नाही इकडे."

"नाही फिरकलं तर नाही. मोठं लिही, दादा."

"एकदा माझी मान घालवलीस, आता वाचनालयाची घालव!" दादा अखेर थेट तिच्यावर कडाडला.

"मी लपवलं म्हणून गेली ती मान! आता तूही लपवतोयस!" ती तेवढ्याच जोराने ओरडली. पुढच्या दालनात वर्तमानपत्र वाचणाऱ्यांनी माना वळवल्या. "कोपऱ्यात तोंड लपवून बसायला ह्या सिस्टीमने काय पाप केलंय? ज्यांनी लिहिली त्यांनी लाजून लिहिली नाही. आपण कशाला लाजायचं?"

दादाने ब्रश आपटला. मग पांढरा रंग घेऊन तो कोपरा पुसला आणि पाटीच्या मधोमध, हातभर उंचीची, रागावलेली, देखणी अक्षरे काढली.

पाटी लागली. लोक वाचत आणि पुढे जात. बेकरीवाला पावाची टोपली घेऊन जाताना थांबला. त्याने पाटी अथपासून इतिपर्यंत वाचली, दारातून आत पाहिले, ठिणगीशी नजर मिळताच मान फिरवली आणि तो फी घेणाऱ्या क्लासच्या रस्त्याला लागला. खोलीत निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. तिच्या जिवाची पुन्हा लाहीलाही झाली. एक चित्र, एक चिन्ह, आणि सगळी माणसे परत येतील, हे तिला पक्के ठाऊक होते. तिचे हात त्यासाठी शिवशिवलेही.

वहिनीने मागे वळून न पाहता हाक मारली, "खिशाचा साचा उलटा होतोय. येतेस, की रस्त्याकडेच बघत बसतेस?"

ठिणगीने दार सताड उघडे ठेवले आणि आत येऊन ती टेबलांच्या मधोमध उभी राहिली. आवाज अजून रागाने जड होता, आणि तो तिने मुळीच हलका केला नाही. रस्त्यावरच्यालाही ऐकू जावे अशा बेताने तिने वर्ग सुरू केला. सिस्टीमचे नाव घेतले. ती लिहिणाऱ्या, नाव ठाऊक नसलेल्या माणसांची आठवण केली. मग म्हणाली, "ही फुकट आहे. ज्याला चालत नसेल त्याने उठावं. बाकीच्यांनी माउस हातात घ्या."

कोणी उठले नाही. ती वहिनीच्या शेजारी वाकली आणि उलटा खिसा कसा सुलटा करायचा ते दाखवू लागली.